फायनल मेडिसिन, इमर्जन्सीची उजळणी: डोस पाठ आहे, पण थांबायचं कुठे?

रात्रपाळी | सोमवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी.

विदर्भातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजात मी मेडिसिनची तिसऱ्या वर्षाची रेसिडेंट आहे. आरोग्य विद्यापीठाच्या फायनलची प्रॅक्टिकल जवळ आली की आमच्या वॉर्डात संध्याकाळी सात-आठ मुलंमुली वह्या घेऊन येतात. राउंड आटोपला की ड्युटी रूमबाहेरच्या बाकावर त्यांची इमर्जन्सीची उजळणी घेते. यंदा वाटलं, ते इथेही लिहावं. ज्यांना असं बसवून घेणारं कोणी नाही, त्यांच्या कामी येईल.

मुलांचा अभ्यास कमी नसतो. ऑर्गॅनोफॉस्फरस (कीटकनाशकाची विषबाधा) म्हटलं की मस्कॅरिनिक, निकोटिनिक (त्याच्या परिणामांचे दोन गट), सगळं घडाघडा सांगतात. मग मी विचारते, त्यावरचं औषध ॲट्रोपिन किती? "१.८ ते ३ मिलिग्रॅम." पुढे? "दर पाच मिनिटांनी दुप्पट." कधीपर्यंत? इथे बाक शांत होतो. कोणीतरी हळूच म्हणतं, "प्युपिल, म्हणजे डोळ्यांच्या बाहुल्या, मोठे होईपर्यंत." नेमकं इथेच चुकतं.

डोस सगळ्यांना येतो, थांबायची खूण येत नाही, आणि पेशंट वाचतो की नाही ते बरेचदा त्या खुणेवर ठरतं. म्हणून मी मुलांना प्रत्येक इमर्जन्सीचं एक पान करायला सांगते आणि त्या पानाची शेवटची ओळ सगळ्यात आधी लिहायला लावते: "हे औषध मी कधी थांबवणार, आणि ते कुठे बघून?" ती ओळ लिहिता आली तर वरचं पान आपोआप जुळतं. ती लिहिता येत नसेल, तर रोग अजून कळलेला नाही.

पहिलं पान ऑर्गॅनोफॉस्फरसचं, कारण आमच्याकडे कापसाच्या पट्ट्यात ते रोजचं.

माणूस घामाने थबथबलेला, तोंडातून फेस, प्युपिल टाचणीच्या टोकाएवढे, छातीत दोन्हीकडे खळखळ. त्याला मारतं ते छातीत साठणारं पाणी आणि श्वासाचे थकलेले स्नायू. म्हणून पाच गोष्टी बघायच्या: छाती मोकळी झाली का, नाडी ८० च्या वर आहे का, वरचं बीपी ८० च्या वर आहे का, काख कोरडी झाली का, प्युपिल टाचणीएवढे उरले नाहीत ना. या पाचांत छाती पहिली, प्युपिल शेवटचे. प्युपिल सावकाश सुटतात. त्यांच्यामागे धावलात तर पेशंटला ॲट्रोपिनच चढेल. मग तो बरळतो, अंग तापतं, पोटातले आवाज बंद होतात, लघवी तुंबते.

आकडे हातात धरून बघा. आपल्याकडे अँप्युल ०.६ मिलिग्रॅमची. पाच अँप्युल म्हणजे ३ मिलिग्रॅम. पाच मिनिटांनी छाती ऐकली, खळखळ तशीच, म्हणून दहा. मग वीस. इथे छाती मोकळी झाली, तर एकूण पस्तीस अँप्युल गेल्या, म्हणजे २१ मिलिग्रॅम. याच्या १० ते २० टक्के दर तासाला इन्फ्युजनमधून (शिरेतून सतत, सावकाश), म्हणजे साधारण २ ते ४ मिलिग्रॅम. हे गणित एक्झामिनरसमोर तोंडी करून दाखवा, त्यांना पुढचं फारसं विचारावं लागत नाही.

कोणाला कुठलं पान अडतंय ते सांगा. एकेक घेऊ.

तुती | मंगळवार, सकाळी ७.०५

मॅडम, खूप आभार. मी फायनल पार्ट टूला आहे. दोन शंका. ॲट्रोपिनने नाडी वाढते, मग पेशंट आला तेव्हाच ती १२० असेल तर ते द्यायचं का? आणि छातीत एकाच बाजूला आवाज राहिला तर डोस वाढवत जायचं का?

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी २.३०

दोन्ही प्रश्न व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) हमखास येतात.

नाडी १२० असली तरी द्यायचं. निकोटिनिक परिणामाने नाडी वाढते, ऑक्सिजन कमी पडल्यानेही वाढते, त्यामुळे ती बघून ॲट्रोपिन रोखायचं नाही. बरेचदा छाती कोरडी होते तशी नाडी खाली येते.

एकाच बाजूला, बहुधा उजवीकडे खाली आवाज राहिला, तर ती उलटी श्वासनलिकेत गेल्याची खूण समजा. तो आवाज ॲट्रोपिनने जाणार नाही. म्हणून छाती ऐकताना दोन्ही बाजू, पुढून आणि काखेतून ऐका. सगळीकडची शिट्टी आणि खळखळ गेली, एका कोपऱ्यातली राहिली, तर तिथे थांबायचं.

प्रॅलिडॉक्सिम (याच विषावरचं दुसरं औषध) विचारलं तर ३० मि.ग्रॅ. दर किलोला, अर्ध्या तासात सावकाश, मग ताशी ८ मि.ग्रॅ. दर किलोला. झटकन ढकललं तर हृदय थांबू शकतं. त्याच्या उपयोगाबद्दलचे अभ्यास एका तोंडाने बोलत नाहीत, हेही सांगा. एक्झामिनरना ते आवडतं.

आणि एक. छाती कोरडी झाली म्हणून पेशंट सुटला असं नाही. २४ ते ९६ तासांच्या दरम्यान इंटरमीडिएट सिंड्रोम येतो, म्हणजे मानेचे आणि श्वासाचे स्नायू लुळे पडतात. रोज सकाळी राउंडला मी एकच गोष्ट करून घेते: "काका, उशीवरून मान उचला." ज्याला काल उचलता येत होती आणि आज येत नाही, त्याच्या उशाशी इंट्युबेशनचा (श्वासनलिकेत नळी टाकायचा) ट्रे आणून ठेवायचा.

निळाई | मंगळवार, रात्री ९.१५

मी स्टाफ नर्स, कॅज्युअल्टीला बारा वर्षं. मुलांनो, तुमच्या वहीत नसलेल्या दोन गोष्टी सांगते.

वीस अँप्युल एकटीने फोडून भरायच्या म्हटलं तर पाच मिनिटं त्यातच जातात. म्हणून पहिला डोस चालू असतानाच दुसऱ्या माणसाला पुढचा डोस भरायला बसवायचं. "सिस्टर, दहा झाल्यात, आता वीस भरा," असं डॉक्टरने आधीच सांगितलं तर वेळ वाचतो. आणि कागदावर किती वाजता किती दिलं, हे त्याच क्षणी लिहा. नंतर आठवून लिहिलेल्या आकड्यावर इन्फ्युजन काढलं तर चुकतं.

दुसरं, कपडे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करणारे शेतमजूर दगावले. ती माणसं प्यायलेली नव्हती, औषध अंगावर आणि श्वासात गेलं होतं. अशा पेशंटच्या भिजलेल्या शर्टात विष असतं. शर्ट तसाच ठेवून वरून ॲट्रोपिन देत राहिलो, तर एका हाताने काढतो आणि दुसऱ्या हाताने घालतो. कपडे उतरवा, साबण-पाण्याने अंग, केस, नखं धुवा. हातात मोजे घालून. कुठलीही मुलगी हे उत्तरात आधी सांगताना मी ऐकलेली नाही.

शेवटचा बाक | बुधवार, सकाळी ६.५०

निळाईताई, हे लगेच वहीत लिहून घेतलं.

मॅडम, डीकेएचं (डायबेटिसमध्ये रक्तात ॲसिड साठतं त्या इमर्जन्सीचं) पान करून बघितलं. शेवटची ओळ अशी लिहिली: "शुगर २०० च्या खाली आली की इन्सुलिन थांबवणार." बरोबर का?

रात्रपाळी | बुधवार, संध्याकाळी ५.१०

नाही. बरं झालं लिहिलंस, कारण निम्म्या वह्यांत हीच ओळ असते.

डीकेएत इन्सुलिन शुगरसाठी नसतं, कीटोनसाठी (ॲसिड वाढवणाऱ्या द्रव्यांसाठी) असतं. शुगर आधी उतरते, ॲसिड मागे राहतं. म्हणून शुगर २०० ते २५० च्या आसपास आली की सलाइनमध्ये डेक्स्ट्रोज घालायचं आणि इन्सुलिन चालूच ठेवायचं, हवं तर रेट कमी करून. थांबायची खूण म्हणजे ॲनायन गॅप (रक्तात साठलेल्या ॲसिडचं माप) बंद होणं, पीएच ७.३ च्या वर, बायकार्ब (ॲसिड मारणारं द्रव्य) १८ च्या वर, आणि पेशंट जेवू लागणं. तेव्हासुद्धा त्वचेखालचं इन्सुलिन आधी द्यायचं आणि इन्फ्युजन एक-दोन तास सोबत चालवून मग काढायचं. एकदम काढलं की रात्रीतून परत गॅप उघडतो.

सुरुवातीचीही एक अट आहे. इन्सुलिनच्या आधी पोटॅशियम. जुन्या आकड्यांत ३.३ च्या खाली असेल तर इन्सुलिन रोखा असं आहे. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय एकमतात तो आकडा ३.५ केला आहे. दोन्ही सांगा, वर्षासकट. इन्सुलिन पोटॅशियमला पेशीत ढकलतं, आणि डीकेएच्या पेशंटच्या अंगात मुळात पोटॅशियमचा खडखडाट असतो, रिपोर्ट नॉर्मल दिसला तरी. केसीएलची (पोटॅशियम क्लोराइडची) अँप्युल १० मि.ली. ची, तिच्यात २० मिलिइक्विव्हॅलंट. ती नेहमी बाटलीत घालून द्यायची, सिरिंजने शिरेत कधीही नाही. हे वाक्य न विचारता म्हणा.

सातवा मजला | बुधवार, रात्री ११.५५

धागा छान आहे, पण एक मतभेद नोंदवतो. मी मुंबईत रेसिडेन्सी करतो, पीजी एन्ट्रन्सची तयारी नुकतीच संपवली. "शेवटची ओळ आधी" हे प्रॅक्टिकलला चालेल. एमसीक्यूत (पर्यायी प्रश्नांत) विचारतात पहिली पायरी. तिथे शब्दावर मार्क जातात. "पुढची पायरी काय" आणि "निश्चित निदान कशाने" हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि मुलं घाईत दोन्हींना एकच उत्तर देतात.

टेन्शन न्यूमोथोरॅक्सला (छातीत हवा अडकून फुप्फुस दबतं त्याला) पर्यायात एक्स-रे असतो, सुई असते, इंटरकॉस्टल ड्रेन (बरगड्यांमधून घातलेली नळी) असतो. पुढची पायरी सुई, निश्चित उपचार ड्रेन, आणि एक्स-रे कुठेच नाही कारण हे निदान हाताने आणि कानाने करायचं. सुई कुठे, यावर पुस्तकं बदलली आहेत: प्रौढांत आता बरगड्यांच्या पाचव्या फटीत, मिडॲक्सिलरी (काखेच्या मधल्या) रेषेच्या जरा पुढे, जुन्या उत्तरपत्रिकेत दुसरी फट. मेनिन्जायटिसचा (मेंदूच्या आवरणाच्या संसर्गाचा) संशय असेल आणि सीटीला वेळ लागत असेल, तर ब्लड कल्चर घेऊन सेफ्ट्रायॅक्सोन (अँटिबायोटिक) आणि डेक्सामेथासोन (स्टेरॉइड) आधी, सीटी नंतर. झटके येत असतील तर आधी शुगर बघा. इन्फिरियर वॉल एमआय (हृदयाच्या खालच्या भिंतीचा हार्ट अटॅक) दिसला तर नायट्रेट देण्याआधी उजव्या बाजूचा ईसीजी काढा, कारण उजवं व्हेंट्रिकल अडकलं असेल तर नायट्रेटने बीपी कोसळतं.

या पद्धतीने मला एमसीक्यू सुटले. म्हणून म्हणतो, पहिली ओळही तितकीच पाठ हवी.

रात्रपाळी | गुरुवार, रात्री १२.२०

मान्य. पहिली ओळ हवीच. पण ती मुलांना क्लासमधून, प्रश्नपेढ्यांतून मिळते. शेवटची ओळ कोणी देत नाही, म्हणून मी तिच्यावर अडून बसते.

आणि ती मला महागात शिकावी लागली, तेही लिहिते. इंटर्न असताना एका रुग्णालयात रात्री तिशीतली एक बाई आली. इंजेक्शननंतर अंगभर गांधी, ओठ सुजलेले, आवाज बसलेला. मी एव्हिल (ॲलर्जीचं इंजेक्शन) आणि हायड्रोकॉर्टिसोन (स्टेरॉइड) लिहिलं. सिस्टरने ॲड्रेनालिनची अँप्युल काढून माझ्यासमोर धरली होती आणि मी "थोडं थांबू, बघू" म्हणाले. बीपी लागेना तेव्हा सीनियर धावत आले, त्यांनी मांडीत ०.५ मि.ग्रॅ. दिलं, पाच मिनिटांनी पुन्हा दिलं. बाई वाचल्या. पण ती पाच-सात मिनिटं मी कशाची वाट बघत होते, याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. एव्हिल लागू पडलं की नाही हे कुठे बघायचं, तेच मला माहीत नव्हतं.

ॲनाफिलॅक्सिसचं, म्हणजे अशा जीवघेण्या ॲलर्जीचं, पान तेव्हापासून माझ्या वहीत सगळ्यात वर आहे. ॲड्रेनालिन एकास हजार, अर्धा मि.ली., मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. खूण: बीपी आणि श्वास. पाच मिनिटांत सुधारणा नसेल तर पुन्हा. गांधी उतरल्या का, हे बघत बसायचं नाही. पेशंटला झोपवून पाय वर. एकदम उठून बसवायचं नाही. आणि काही तास नजरेखाली ठेवायचं, कारण दुसरी लाट येऊ शकते.

डोंगरवाट | गुरुवार, सकाळी १०.३०

कोकणात प्राथमिक आरोग्य केंद्रावर मेडिकल ऑफिसर आहे. सापाचं आणि विंचवाचं पान माझ्याकडून घ्या. इथे परीक्षा दर पावसाळ्यात असते.

घोणस आणि फुरसं रक्त बिघडवतात, नाग आणि मण्यार नसा. आपली एएसव्ही (सापाच्या विषावरचं इंजेक्शन) या चौघांवर चालते. हिरव्या चापड्यासारख्या इतर सापांवर ती लागू नाही, म्हणून "साप चावला की दहा वायल" असं उत्तर देऊ नका. विष भिनल्याची खूण दिसली तरच.

रक्ताच्या सापात ती खूण म्हणजे वीस मिनिटांची गोठण चाचणी. ताजं रक्त २ मि.ली., काचेच्या कोरड्या नळीत, वीस मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं, मग एकदाच तिरकं करायचं. एका केंद्रात मी नवीन रुजू झालो तेव्हा लागोपाठ तीन पेशंटचं रक्त गोठेना. तिघांना सूज जेमतेम, हिरड्यांतून रक्त नाही, लघवी स्वच्छ. मला पटेना. मग मी स्वतःचं रक्त त्याच नळीत घेतलं. वीस मिनिटांनी तेही पाण्यासारखं. नळ्या डिटर्जंटने धुऊन वाळवलेल्या होत्या. साबणाचा अंश राहिला की निरोगी माणसाचंही रक्त गोठत नाही. प्लॅस्टिकच्या नळीतही तेच होतं. तेव्हापासून नवी कोरी काचेची नळी, आणि शेजारी एका धडधाकट नातेवाइकाच्या रक्ताची जोडनळी. व्हायव्हात हे सांगितलंत तर समोरच्याला कळेल की तुम्ही चाचणी नुसती वाचलेली नाही.

आता थांबायची खूण. रक्त गोठलं नाही तर आठ-दहा वायल, तासाभरात. पुढची चाचणी सहा तासांनी. सहाच का? एएसव्हीने विष बांधलं तरी गोठवणारी द्रव्यं यकृताला नव्याने बनवायची असतात, त्याला तेवढा वेळ लागतो. दोन तासांनी रक्त गोठलं नाही म्हणून घाबरून आणखी दहा ओतले तर ते वाया. सहा तासांनी गोठलं तर थांबा, नाही तर पुन्हा. पायाची सूज हा पुन्हा देण्याचा निकष नाही, ती उतरायला दिवस जातात. लहान मुलालाही वायल तेवढ्याच, कारण सापाने विष माणसाचं वजन बघून सोडलेलं नसतं.

विंचू. लाल विंचू चावला की नुसत्या वेदना होत असतील तर ठीक. घाम, लाळ, उलट्या, प्रायापिझम (लिंग ताठ राहणं) आणि हातपाय बर्फासारखे गार, हे दिसलं की कॅटेकोलामिनचं (ॲड्रेनालिनसारख्या द्रव्यांचं) वादळ सुरू झालं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी यावर प्राझोसिन (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) वापरलं आणि 'लॅन्सेट'मध्ये मांडलं; त्याआधी ही माणसं फुप्फुसात पाणी भरून जायची. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याच मातीतलं हे काम प्रत्येक उत्तरपत्रिकेत यावं असं मला मनापासून वाटतं. डोस ३० मायक्रोग्रॅम दर किलोला, तोंडाने, दर तीन तासांनी. खूण? हात धरून बघा. हातपाय ऊबदार झाले की थांबायचं. मॉनिटर नसला तरी हे कळतं. गोळी दिल्यावर पेशंटला उभं करू नका, बीपी पडतं.

तुती | गुरुवार, दुपारी १.४५

डोंगरवाट सर, घाम आणि लाळ ऑर्गॅनोफॉस्फरसमध्येही आणि विंचवातही. शेतातून बेशुद्ध आणलेला पेशंट असेल, कोणी काही पाहिलेलं नसेल, तर फरक कसा करायचा?

डोंगरवाट | गुरुवार, दुपारी ४.००

प्युपिल आणि हातपाय. फवारणीच्या विषात प्युपिल टाचणीएवढे, छातीत खळखळ सुरुवातीपासून, कपड्यांना उग्र वास, स्नायू फडफडतात. विंचवात हातपाय गार, बीपी सुरुवातीला चढलेलं, प्युपिल बहुधा मोठे, आणि शुद्ध हरपलेली नसते. फरक करणं भाग आहे, कारण एकाचं औषध दुसऱ्याला मारक. विंचवात ॲट्रोपिन दिलं तर आधीच धावणारं हृदय आणखी धावतं.

जुना स्टेथो | शुक्रवार, सकाळी ८.१०

मी निवृत्त प्राध्यापक. बरीच वर्षं एक्झामिनर म्हणून टेबलाच्या पलीकडे बसलो आहे. हा धागा वाचून समाधान वाटलं. मुलांसाठी थोडी भर घालतो.

हायपरकॅलेमियाच्या (रक्तात पोटॅशियम वाढण्याच्या) पानावर तीन वेगवेगळ्या खुणा लिहा, कारण तीन औषधं तीन कामं करतात. कॅल्शियम ग्लुकोनेट, १० टक्के, १० मि.ली., सावकाश: हे पोटॅशियम कमी करत नाही, हृदयाला आवरून धरतं. ते पुरे झालं की नाही ते ईसीजीवर दिसतं, रक्तात नाही. पाच मिनिटांत ईसीजी बदलला नाही तर पुन्हा द्या. परिणाम अर्धा ते एक तास टिकतो. १० युनिट इन्सुलिन २५ ग्रॅम डेक्स्ट्रोजसोबत: याने पोटॅशियम पेशीत जातं, बाहेर पडत नाही, इथे पुढचे चार ते सहा तास शुगर बघायची, किडनीच्या पेशंटमध्ये ती हमखास घसरते. अंगाबाहेर काढणारं शेवटी डायलिसिस. "कॅल्शियमनंतर पोटॅशियम किती उतरलं?" असा प्रश्न मी मुद्दाम विचारायचो. जो विद्यार्थी "उतरणारच नाही, सर" म्हणायचा, त्याला पुढे त्रास दिला नाही.

स्टेटस एपिलेप्टिकस: पाच मिनिटांच्या वर झटका म्हणजे स्टेटस. लोराझेपाम ४ मि.ग्रॅ. शिरेत, शीर मिळत नसेल तर मिडाझोलाम १० मि.ग्रॅ. स्नायूत. नंतर लेव्हेटिरासिटॅम, फॉसफेनिटोइन किंवा व्हॅल्प्रोएट. २०१९ च्या एसेट चाचणीत तिन्ही सारखीच ठरली. खूण हातपाय हलायचे थांबले ही नव्हे. पेशंट शुद्धीवर येतोय का, ही. अर्ध्या तासात डोळे उघडले नाहीत तर मेंदूत झटका चालूच असू शकतो, ईईजी (मेंदूचा आलेख) मागा.

शेवटचा बाक | शुक्रवार, रात्री ८.३०

सर, डेंग्यूचं पान सांगाल का? आमच्या वॉर्डात सध्या प्रत्येक दुसरी खाट तीच आहे आणि नातेवाईक दर तासाला प्लेटलेट विचारतात.

जुना स्टेथो | शुक्रवार, रात्री १०.०५

डेंग्यूत थांबायची खूण चुकली की आपणच पेशंटला पाण्यात बुडवतो, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा.

ताप उतरतो तेव्हा घरच्यांना हायसं वाटतं, आणि नेमका तिथेच धोक्याचा काळ सुरू होतो. रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा झिरपतो, २४ ते ४८ तास. पोटात दुखणं, सारख्या उलट्या, अस्वस्थपणा, हातपाय गार, हिमॅटोक्रिट (रक्त किती घट्ट झालं त्याचं माप) चढत जाणं, ही त्याची चिन्हं. सलाइन त्या काळासाठी आहे. बघायचं हिमॅटोक्रिट, नाडीचा दाब (वरच्या आणि खालच्या बीपीतला फरक) आणि लघवी: ताशी दर किलोला अर्धा मि.ली. होत असेल तर पुरे. त्यानंतर झिरपलेलं पाणी परत रक्तात यायला लागतं. तेव्हाही बाटल्या चालू ठेवल्या तर फुप्फुसात पाणी भरतं. भूक लागली, लघवी भरपूर व्हायला लागली, हिमॅटोक्रिट स्थिरावलं, की सलाइन बंद. प्लेटलेटच्या आकड्यावर सलाइन चालू ठेवू नका आणि रक्तस्राव नसेल तर नुसत्या आकड्यावर प्लेटलेट चढवूही नका. नातेवाइकांना आकडा सांगताना शेजारी लघवीचं मापही सांगत जा, म्हणजे त्यांनाही कळतं कुठे बघायचं.

मलेरियाचं एक वाक्य, गडचिरोली-गोंदियाकडच्या मुलांसाठी. गंभीर फाल्सिपारम मलेरियात आर्टेसुनेट २.४ मि.ग्रॅ. दर किलोला, ०, १२ आणि २४ तासांनी. पहिल्या डोसनंतर पेशंट उठून बसला तरी तिन्ही डोस पूर्ण करायचे, मगच तोंडाने एसीटी (मलेरियाच्या जोड गोळ्या).

डोंगरवाट | शनिवार, दुपारी १२.१५

मुलांसाठी एक केस टाकतो, व्हायव्हा समजून उत्तर द्या.

बावीस वर्षांची मुलगी. घरात सगळे जमिनीवर झोपतात. पहाटे चारला पोटात कळ येऊन जागी झाली, एक उलटी. घरच्यांना वाटलं रात्रीचं जेवण बाधलं. सहा वाजता आणली. पापण्या जड, आवाज नाकातून. अंगावर कुठेही चाव्याची खूण नाही, सूज नाही. रक्त वीस मिनिटांत व्यवस्थित गोठलं.

तुती | शनिवार, दुपारी ३.४०

प्रयत्न करते.

मण्यार. जमिनीवर झोपलेली, पहाटे पोटदुखी, पापण्या उतरलेल्या, चाव्याची खूण नाही आणि रक्त गोठतंय. एएसव्ही दहा वायल. सोबत ॲट्रोपिन ०.६ आणि निओस्टिग्मिन (नसेकडून स्नायूला जाणारा संदेश वाढवणारं औषध) १.५ मि.ग्रॅ. थांबायची खूण: पापण्या वर येईपर्यंत एएसव्ही देत राहीन.

डोंगरवाट | शनिवार, संध्याकाळी ६.२०

निदान उत्तम. चाव्याची खूण नाही म्हणून तू साप सोडला नाहीस, इथेच निम्मी लढाई जिंकलीस. शेवटचं वाक्य मात्र पुन्हा बघ. नाग आणि मण्यार यांचं विष नस आणि स्नायूच्या सांध्यावर एकाच जागी बसतं का?

आणि औषधाच्या आधी एक गोष्ट राहिली. तिला एका श्वासात आकडे म्हणायला लावलेस का?

तुती | शनिवार, रात्री ११.१०

सर, वॉर्डातून आत्ताच आले, मॅडमसोबत बाकावर बसून पुन्हा लिहिलं.

सगळ्यात आधी तिला एका श्वासात एकपासून मोठ्याने मोजायला सांगेन आणि उशीवरून मान उचलायला लावेन. दर पंधरा मिनिटांनी तेच, आकडा वहीत लिहून. आकडा घसरत गेला किंवा लाळ गिळता येईना, तर ऑक्सिजन कमी होण्याची वाट न बघता नळी टाकेन. केंद्रावर व्हेंटिलेटर नसेल तर अंबू बॅग (हाताने श्वास देण्याची पिशवी) दाबत, ॲम्ब्युलन्समध्येही दाबत, पुढे पाठवेन.

नागाचं विष सांध्याच्या पलीकडच्या बाजूला, रिसेप्टरवर बसतं, म्हणून निओस्टिग्मिनने फरक पडतो. मण्यारीचं विष अलीकडे, नसेच्या टोकावर बसून ते टोकच मोडतं. तीन डोसांनंतरही पापण्या हलल्या नाहीत तर निओस्टिग्मिन बंद.

एएसव्ही दहा वायल, एक-दोन तासांनी गरज वाटली तर आणखी दहा. वीसला थांबणार, पापण्या खाली असल्या तरी. एएसव्ही फिरतं विष बांधते, मोडलेलं टोक जोडत नाही. ते नव्याने उगवायला दिवस लागतात. तोवर श्वास आपण द्यायचा आणि तो थांबवायची खूण पापणी नाही, तिची मान: उशीवरून स्वतः उचलून धरता आली की.

रात्रपाळी | शनिवार, रात्री ११.२५

बरोबर. फक्त एक ओळ वाढव: त्या दिवसांत तिला डोळे उघडता येत नसले तरी सगळं ऐकू येत असतं. राउंडला तिच्या खाटेशी तिचं नाव घेऊन बोल, आज काय करतोय ते तिला सांग.

उद्या रविवार, बाक सकाळी दहाला. दम्याचं पान घेऊन ये.